मान्य केलं म्हणे

"आधी उघडून पाहू, मंग भांडू."

हे त्यांचं वाक्य. ते म्हणेपर्यंत त्यांच्या अंगठ्याचं नख समोरच्या वस्तूच्या कडेवरून फिरायला लागलेलं असायचं. वस्तू कोणतीही असो. बंद पडलेला मिक्सर, बँकेचं पाकीट, दुसऱ्याच्या घरातला रेडिओ. फट सापडली की नख आत आणि झाकण बाहेर. उघडून पाहणं व्हायचंच, आणि भांडणही व्हायचंच. त्या वाक्याचा कोणताही अर्धा भाग त्यांनी कधी शिल्लक ठेवला नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लग्नाला त्याला बोलावतात, पण पंगतीत त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नसतं. आमच्याकडं त्यांना सगळे प्रेसवाले म्हणायचे, कारण वसमतला स्टँडच्या मागं त्यांची छपाईची प्रेस होती. मी काका म्हणायचे. ते मला नावानं हाक मारायचे नाहीत. "ए बीएस्सी, इकडं ये." लोकांना ती टिंगल वाटायची. मला वाटायची नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी आई जन्मभर दुसऱ्याच्या रानात हळद काढत आली. माझी डिग्री तिला वाचता येत नाही, पण भिंतीवरची तिची काच ती रोज पदरानं पुसते. मग मला कोणी डिग्रीच्या नावानं हाक मारली तर मी ओ देणारच.

प्रेसमध्ये ते पोरवयात खिळे जुळवायला लागले होते. शिशाची एकेक अक्षरं खणातून उचलून ओळी लावायच्या. पुढं कॉम्प्युटर आला, तोही ते असाच उघडून शिकले. आमच्या वस्तीच्या जयंतीची पोस्टरं त्यांच्याकडंच छापायचो. एकदा एका बापानं लग्नपत्रिकेचा मजकूर आणला, त्यात मुलीच्या आईचं नावच नव्हतं. प्रेसवाल्यांनी कागद परत त्याच्या हातात दिला.

"पोरीला आई न्हाई का?"

"हाय की."

"मंग लिव की. का बाजारातून आणली पोरगी?"

तो माणूस चिडून दुसऱ्या प्रेसमध्ये गेला. असे पुष्कळ गेले. राहिलेले मोबाइलवर पत्रिका पाठवायला लागले आणि प्रेस बंद पडली. "उरलेलं गिऱ्हाईक गेलं ते गेलं," ते म्हणायचे, "तेही माझ्यामुळं गेलं असं तरी म्हणायची सोय पाहिजे होती."

मग ते आमच्या प्लांटवर यायला लागले. कुरुंद्याजवळ शेतकऱ्यांच्या संस्थेचा हळदीचा प्लांट आहे. हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि पोती भरायची. मी तिथं तपासणीला आहे. हळदीत ओल किती, रंग किती, ते मी पाहते. पोत्यांवरची लेबलं करायला संस्थेनं प्रेसवाल्यांना ठेवलं होतं. काम असायचं घटकाभराचं, पण ते दिवसभर बसायचे आणि प्रत्येक गोष्टीला नाव ठेवायचे. पोत्याच्या शिलाईला, अध्यक्षांच्या चहाला, माझ्या अक्षराला. "बीएस्सी झाली, पन हळदीतला 'ह' काढता येईना."

आता मशीनबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

हळद शिजवायला वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर. जुना बॉयलर किसनमामा चालवायचे. मामा म्हणजे आमच्याच गल्लीतले, माझे सख्खे कोणी नव्हेत. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. जुन्या बॉयलरला काचेची नळी होती. तिच्यात पाणी दिसायचं, मामा ते पाहायचे, आवाज ऐकायचे आणि जाळ कमीजास्त करायचे. मग संस्थेनं नवा बॉयलर घेतला. शहरातली मोठी कंपनी. नव्या बॉयलरची पाणी दाखवणारी काच पलीकडच्या अंगाला, उंचावर होती, आणि समोर होतं एक पॅनेल. म्हणजे काळ्या पेटीत एक पडदा, त्यावर रंगीत बटणं आणि सगळी अक्षरं इंग्रजी.

कंपनीचा इंजिनिअर शिकवायला आला होता तेव्हा मी तिथं उभी होते. मामांनी विचारलं, "साहेब, ह्याच्यावर लिवून येतं ते आमाला कसं कळावं?" इंजिनिअर म्हणाला, "पढ़ने की ज़रूरत नहीं है. लाल आया तो हरा दबा दो." सोप्पं. लाल आलं की हिरवं दाबायचं. मामांनी ते पाठ केलं. शाळेत पाढे पाठ केले होते तसं.

लाल पेटी कशासाठीही यायची. तारीख चुकली तरी लाल, वायर सैल झाली तरी लाल. आवाज सगळ्यांचा सारखाच, जागा तीच. आत काय लिहिलंय तेवढंच वेगळं. एक दिवस लाल आलं आणि मामांनी हिरवं दाबलं. आवाज बंद झाला. त्या पेटीत लिहिलं होतं की पाणी कमी झालं आहे. मामा लाकूड घालत राहिले. थोड्या वेळानं बॉयलरच्या आतला सुरक्षेचा बूच वितळला. तो त्यासाठीच असतो, बॉयलर फुटू नये म्हणून. पण वितळल्यावर सगळी वाफ भट्टीत उतरते, आणि भट्टीच्या दारातून निखाऱ्यांसकट बाहेर येते. दारासमोर मामा उभे होते.

दोन्ही हात आणि छाती. नांदेडला नेलं. वाचले. मी जीपमध्ये त्यांच्याजवळ बसले होते, आणि मामा एकच गोष्ट विचारत होते, "हिरवंच दाबलं होतं ना म्या? बराबर दाबलं होतं ना?"

कंपनीचा अहवाल आला. मी तो अध्यक्षांच्या टेबलावर वाचला. इंग्रजीत होता. मला इंग्रजी येतं. कष्टानं आलं, पण येतं, म्हणून मला तो पूर्ण वाचावा लागला. त्यात लिहिलं होतं की पाणी कमी असल्याची सूचना यंत्रानं वेळेवर दाखवली, ऑपरेटरने ती मान्य केली आणि तरीही जाळ चालू ठेवला. दोष ऑपरेटरचा. मान्य केली! यंत्रात नोंद राहते ना, कोणतं बटण कधी दाबलं त्याची. तो पुरावा.

मी ते प्रेसवाल्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"मान्य केलं म्हणे," ते म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"लेकाचे," ते म्हणाले, आणि पुढचं मी इथं लिहीत नाही.

मामा जळाल्यानंतर कंपनीनं एक सुधारणा मात्र केली. इंजिनिअर येऊन नवं मेमरी कार्ड टाकून गेला. नव्या कार्डात पहिल्या पडद्यावरचा मदतीचा फोन नंबर बदलला होता. नंबरचा शेवटचा आकडा फक्त, चारचा सात. जुन्या नंबरवर कोणी उचलत नव्हतं. नव्यावरही कोणी उचलत नव्हतं.

मराठी सूचना द्या, असं आम्ही तीनदा कळवलं. उत्तर एकच. पॅनेलमध्ये मराठीची सोय नाही, फाइल सीलबंद आहे, तिच्यात बदल शक्य नाही. तुम्ही म्हणाल, शेजारी मराठी कागद चिकटवायचा. चिकटवला होता. इंग्रजी अक्षरं अशी दिसली तर अर्थ असा. पण वाफ, राख, कानात किंचाळणारा आवाज आणि हातात पेटतं लाकूड असताना माणूस दोन्हीकडची अक्षरं जुळवत बसतो का? तुम्ही बसाल?

"शक्य न्हाई म्हणून राहिले का?" प्रेसवाले म्हणाले. अंगठा पॅनेलच्या मागच्या कडेवर पोहोचला होता. "आधी उघडून पाहू."

बॉयलर तेव्हा थंड होता, बूच आणि नळ्या बदलायच्या होत्या. पॅनेल काढून त्यांनी माझ्या टेबलावर आणलं. पाठीमागं नखाएवढं कार्ड. जुनं कार्ड इंजिनिअर टेबलावरच विसरून गेला होता, तेही होतं. कार्डात एकच मोठी फाइल. कॉम्प्युटरला ती कशानं उघडायची ते कळेना. ना चित्र, ना मजकूर, ना गाणं. कंपनीनं आपल्यापुरती बनवलेली, जगात दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नये अशी जात.

फाइलच्या पोटातले आकडे जसेच्या तसे दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम मला कॉलेजातल्या मैत्रिणीनं सांगितला होता. तो लावला. डावीकडं आकड्यांच्या ओळी, उजवीकडं त्यांची अक्षरं झाली तर अक्षरं, नाहीतर नुसती टिंबं. पाणी या अर्थाचा इंग्रजी शब्द शोधला, सापडला नाही. ते वैतागले. मी ओळी डोळ्यांखालून घालत राहिले, आणि मला दिसलं की शब्द आहे, पण प्रत्येक अक्षरापुढं एक घर, म्हणजे एका आकड्याची जागा, रिकामं आहे. एकेका अक्षराला दोन-दोन घरं.

"काहून?" ते म्हणाले.

मला ठाऊक होतं. इंग्रजीला एक घर पुरतं. दोन घरं ठेवतात ती जगातल्या बाकीच्या लिप्यांसाठी, आपल्यासुद्धा. म्हणजे मराठीची जागा त्या फाइलीत पहिल्या दिवसापासून होती. यांनी ती भरली नाही, एवढंच. सोय नाही म्हणे!

त्यानंतर प्रेसवाले तिथून उठेचनात. चहा तिथं, डबा तिथं. त्यांना ती फाइल खिळ्यांच्या खणांसारखी दिसायला लागली. सुरुवातीला अनुक्रमणिका, कोणती गोष्ट कितव्या घरापासून सुरू होते ती. मग वाक्यं. प्रत्येक वाक्याच्या आधी एक आकडा, हे वाक्य किती लांब आहे ते सांगणारा. मग बटणांची चित्रं. मग सगळ्यात शेवटी इंग्रजी अक्षरांचे आकार, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनात काढलेले. "खिळेच हायेत हे," ते म्हणाले, आणि तेवढ्यापुरते भांडायचे विसरले.

एक सूचना त्यांनी बदलून पाहिली. वाक्य लांब झालं, खालचं सगळं सरकलं, अनुक्रमणिका खोटी पडली, आणि पॅनेल नुसतं पांढरं. जुनी फाइल परत टाकली, चालू झालं. मग त्यांनी तेवढ्याच लांबीचं वाक्य टाकलं, काही सरकू दिलं नाही. तरी पांढरं. त्या दिवशी त्यांनी कंपनीच्या खानदानाचा उद्धार अशा आवाजात केला की पॉलिशच्या ड्रमवरच्या बायका पाहायला आल्या.

"फाइलीला कुठून तरी कळतंय की कोणी हात लावलाय," मी म्हणाले.

"मंग ते कुठं लिवलंय ते शोधू. दोन फायली हायेत आपल्याजवळ. प्रूफ वाचू."

प्रेसमध्ये प्रूफ दोघांनी वाचायची रीत असते. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट ठेवून ऐकायचं. जिथं फरक तिथं "थांब". त्यांनी जुनी फाइल वाचायला घेतली आणि मला नवीवर बोट ठेवायला लावलं. मी म्हणाले, काका, कॉम्प्युटर दोन्ही फायली चुटकीसरशी ताडून देईल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गपगुमान बोट ठेवलं. "कॉम्प्युटर वाचंल, त्याला कळंल," ते म्हणाले. "मला काय कळंल?"

आकड्यांचं ते पारायण मी जन्मात विसरणार नाही. ते वाचायचे एकसुरी, कीर्तनाला बसल्यासारखे. बायका पोती शिवता शिवता हसायच्या. एकदा फोन नंबरपाशी मी "थांब" म्हणाले, चारच्या जागी सात. पुढं सगळं सारखं, सारखं, सारखं. अगदी शेवटच्या घरात परत "थांब". तिथला आकडा जुन्यापेक्षा तीननं मोठा.

ते थांबले. मीही थांबले. चार आणि सात. तीनाचा फरक.

"बेरीज हाय," ते म्हणाले. "सगळ्या घरांची बेरीज करून खाली लिवलीये. दुकानदार लिवतो तशी." आणि हसायला लागले. मोठमोठ्या अक्षरांत सीलबंद म्हणून लिहिलेल्या त्या फाइलीचं सील म्हणजे एक बेरीज. ते इतके हसले की मला भीती वाटली. मग चष्मा काढून डोळे पुसले. "एवढ्यासाठी," ते म्हणाले. "एवढंसं काम होतं ह्यांचं. न्हाई केलं."

अक्षरांचा प्रश्न राहिला. पॅनेलजवळ मराठी अक्षरांचे आकार नव्हते आणि नवीन जोडायला चौकोन नव्हते. पण बॉयलरच्या सगळ्या सूचना मोठ्या एबीसीडीत होत्या. छोटी एबीसीडी बसूनच होती. जुन्या मराठी फाँटांत हेच असायचं, इंग्रजी अक्षराच्या खुर्चीत मराठी अक्षर बसवायचं. ते त्यांनी आयुष्यभर केलं होतं. चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका भरून त्यांनी लागतील तेवढीच अक्षरं काढली. खुर्च्या मोजक्या, म्हणून शब्दही मोजके हवे होते.

सूचनेचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आणि आम्ही तो घेऊन किसनमामांकडं गेलो. मामा ओसरीवर बसले होते, हात पट्ट्यांत, पोरगी भरवत होती. प्रेसवाल्यांनी कागद समोर धरून वाचला, "जलपातळी अत्यल्प. कृपया इंधनपुरवठा तत्काळ खंडित करावा."

मामांनी तोंडातला घास गिळला.

"प्रेसवाले, लग्न हाय का बॉयलरचं?"

"काहून? चांगलं हाय की."

"आहेर आणू नये म्हणून लिवा खाली."

पोरगी फिसकन हसली. मीही हसले. प्रेसवाल्यांचं तोंड असं झालं की काय सांगू. आयुष्यभर पत्रिकाच छापलेल्या माणसाचा हात त्याच मराठीकडं वळणार. पण ते भांडले नाहीत. पेन काढलं, कागद उलटा केला. "तू सांग. अंगावर वाफ येऊन राहिली तर तुला काय ऐकू यायला पाहिजे?"

मामांनी थोडा वेळ डोळे मिटले. ते आठवून पाहत होते, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"पाणी कमी," मामा म्हणाले. "जाळ ओढ."

भट्टीतली पेटती लाकडं बाहेर ओढून काढायची, याला आमच्याकडं जाळ ओढणं म्हणतात. तेवढंच. प्रेसवाल्यांनी ते लिहिलं, आणि बाकीच्या सगळ्या सूचनाही मामांनी सांगितल्या तशाच लिहिल्या. एकही शब्द सुधारला नाही. त्यांच्यासारख्या माणसासाठी ही केवढी गोष्ट होती, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

बॉयलर थंड असतानाच आम्ही पाणी उतरवून, वायरी सैल करून, प्रत्येक सूचना मुद्दाम यायला लावली आणि वाचून पाहिली. सगळ्या बरोबर आल्या. संस्थेचा सरकारमान्य बॉयलर तपासणारा माणूस येतो, त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, पाण्याची आणि दाबाची सुरक्षा वेगळी आहे, तिला तुम्ही हात लावलेला नाही, मला हरकत नाही.

कंपनीला हरकत होती. इंजिनिअर आला. तोच, लाल-हिरव्याचा. अध्यक्षांच्या खोलीत बसून त्यानं सांगितलं की फाइल कंपनीची मालमत्ता आहे, तिला हात लावणं गुन्हा आहे, आज जुनी फाइल परत टाकली नाही तर हमी रद्द आणि आमच्यावर केस. अध्यक्ष शेतकरी माणूस, केस म्हटल्यावर घाबरले. "टाकून घ्या म्हणतो मी जुनी. काहून झंझट."

"टाका," प्रेसवाले म्हणाले. "पन किसनच्या नावावरचा दोष आधी काढा."

"वो रिपोर्ट का मामला अलग है," इंजिनिअर म्हणाला.

"अलग कसं? तुमी म्हणता त्यानं मान्य केलं. त्याला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं."

"बटन तो दबाया ना? बिना पढ़े कौन दबाता है?"

त्यावर प्रेसवाले काय बोलले ते सांगायची गरज नाही. आवाज ऐकून सगळा प्लांट दारात जमा झाला. शेवटी इंजिनिअर उठला आणि फाइल बदलायला बॉयलरकडं गेला. आम्ही सगळे मागं.

त्यानं आधी आपलं खास पान उघडलं, फक्त कंपनीच्या माणसासाठी असतं ते. ते पान आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्यावरची अक्षरं छोट्या एबीसीडीत होती. म्हणजे प्रेसवाल्यांनी ज्या खुर्च्यांत मराठी बसवली होती, त्याच. पडद्यावर नुसती कालवाकालव झाली. अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी, कशाला अर्थ नाही. आणि त्याच्यावर त्या पानाचीच एक लाल पेटी आली, आत तसलंच गिचमिड, आणि आवाज सुरू झाला. कानठळ्या बसवणारा तो आवाज.

इंजिनिअरनं पेटीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि हिरवं दाबलं.

आवाज बंद झाला. आम्ही हे ठरवून केलं नव्हतं, त्याच्या पानाचं आम्हाला माहीतही नव्हतं. पण जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

"काय लिवलं होतं साहेब?" प्रेसवाल्यांनी विचारलं. हळू आवाजात. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"पता नहीं. फाँट बिगाड़ के रखा है आपने."

"मंग दाबलं काहून?"

"अरे, आवाज़ बंद करने के लिए..." आणि तो थांबला. त्याला कळलं.

"बीएस्सी," प्रेसवाले म्हणाले, "लिहून घे. सूचना दाखवली होती. साहेबांनी मान्य केली."

ती पेटी फक्त तारीख विचारत होती, हे नंतर समजलं. पाण्याची असती तरी त्यानं तेच केलं असतं. त्या पोराचा मला राग नाही. त्यालाही कोणीतरी वरून पाठवलेलं. माझा राग आहे तो शहरात काचेच्या खोलीत बसून 'मान्य केली' असं टाइप करणाऱ्यावर.

अध्यक्षांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "साहेब," ते म्हणाले, "मराठीच राहू द्या. हमी घेऊन जा तुमची."

हमी गेली. केस काही झाली नाही. मामा पुढच्या हंगामात बॉयलरवर परत आले, हात पूर्ण वर होत नाहीत, पण जाळ ओढता येतो. एकदा खरंच पाणी कमी झालं. पडद्यावर आलं, मामांनी लाकडं ओढली आणि मग बिडी पेटवली. इतकंच घडलं. घडायला पाहिजे होतं ते इतकंच.

अहवाल मात्र बदलला नाही. प्रेसवाले त्याच्या मागं लागले होते. सकाळी प्लांटवर आले की पहिल्यांदा तो मदतीचा नंबर फिरवायचे. घंटी जायची, कोणी उचलायचं नाही. मग ते वेगवेगळ्या साहेबांचे नंबर मिळवायचे. "सर मीटिंग में हैं." सर कायम मीटिंगमध्ये. "ह्या माणसाला बायको तरी भेटती का?" ते विचारायचे. किसनमामा म्हणायचे, जाऊ द्या, म्या जिवंत हाय ना. प्रेसवाले त्यांच्यावरच खेकसायचे. "तू जिवंत हायेस, पन कागदावर चुकलेला हायेस. मला ते वाचवत न्हाई."

मग त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. नांदेडच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा सलाइन सोडणाऱ्या मशीनच्या कडेवर त्यांचं नख फिरत होतं आणि नर्स ओरडत होती. "ह्याच्यावर पन इंग्रजीच हाय गं," मला म्हणाले. "माझी बायको इथं बसती रात्रभर. तिला काय कळावं, काय वाजून राहिलं ते?" त्या वेळी त्यांचा आवाज चढलाच नाही. भांडायचं राहून जाईल याची त्यांना घाई झालेली दिसत होती. हंगाम सुरू व्हायच्या आत ते गेले.

त्यांच्या मागं फाइलीचं काम मी करते. शिरड शहापूरला याच कंपनीचा बॉयलर आहे, तिथं मी मराठी बसवून दिली. गोरेगावकडून एक जण आला, त्यालाही दिली. मात्र मजकूर सांगायला आधी बॉयलरवरच्या माणसाला बसवते. प्रत्येक ठिकाणी बोली थोडी वेगळी असते.

गेल्या आठवड्यात मी तपासणीच्या खोलीत होते, फोन आला. शहरातला नंबर. कंपनीचे कोणी साहेब. मराठीत बोलत होते, फार गोड.

"मॅडम, तुमच्याकडची ती मराठी फाइल आम्हाला मिळेल का? नव्या मॉडेलला द्यायचा विचार आहे. बऱ्याच गावांतून मागणी येतेय."

"मिळेल," मी म्हणाले. "किसन या ऑपरेटरच्या नावानं तुमचा एक अहवाल आहे. त्यात चूक त्यांची लिहिलीये. ते बदलून सहीनं पाठवा. मी त्याच दिवशी फाइल पाठवते."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ते जुनं प्रकरण आहे मॅडम. ते माझ्या हातात नाही."

"मग फाइलही माझ्या हातात नाही."

"बरं, हे ज्यांनी केलं, त्या गृहस्थांशी एकदा बोलता येईल का? टेक्निकल माणूस टेक्निकल माणसाशी बोललेला बरा."

खिडकीतून बॉयलर दिसत होता. किसनमामा भट्टीपुढं वाकून लाकूड घालत होते, एक हात खालीच ठेवून.

"रोज सकाळी फोन करायचे ते तुम्हाला," मी म्हणाले. "तेव्हा उचलायचा होता."

आणि मी फोन ठेवला.